उतरणीचा इतिहास

इतिहास लिहिणाऱ्यांना राज्यारोहणाचे कौतुक फार. मुहूर्त कोणता होता, छत्र कोणी धरले, दानधर्म किती झाला, हे सारे कोणी ना कोणी टिपून ठेवलेले असते. गादीवरून पायउतार होण्याची हकीकत मात्र चार ओळींत आटोपते. औषधांच्या इतिहासाचेही असेच आहे. देवीची लस कोणी टोचली, पेनिसिलिन कोणाला कसे सापडले, हे आम्ही शिक्षक मंडळी लहान मुलांनाही रंगवून सांगतो. पण एखादे औषध थांबवायचे कसे हे कोणी शोधले, आणि ते शोधायला किती वर्षे लागली, हा धडा काही मी कुठल्या क्रमिक पुस्तकात पाहिलेला नाही.

एका कादंबरीतल्या पात्रासाठी म्हणून मी या विषयावरचे लेख जमवून वाचायला लागले. पात्र कागदावर यायचे ते मागेच राहिले, आणि हा इतिहासच मला धरून बसला. तो उदासीवरच्या औषधांचा आहे. या दुखण्याला आपल्याकडे नावांची वाण नाही. कोणी खिन्नता म्हणतो, कोणी नैराश्य. गीतेचा तर पहिला अध्यायच विषादाचा आहे. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात आणि आता खेड्यापाड्यांतही तोच शब्द रूढ झाला आहे. त्यावरच्या गोळ्यांना अँटिडिप्रेसंट म्हणतात. मनुष्याचा विषाद महाभारताइतका जुना. पण या गोळ्यांचे वय जेमतेम सत्तर वर्षांचे.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, या गोळ्या सणासुदीलाच फार तुटतात. घरात पाहुणे येणार, तेव्हा त्यांच्या नजरेला पाकीट नको म्हणून ते कपड्यांच्या कपाटात तळाशी जाते. माहेरी जायच्या गडबडीत औषधाची पिशवी खुंटीलाच राहते. दवाखाना चार दिवस बंद असतो. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे, आनंदाच्या दिवसांत माणसाला वाटते, आता मी बरा आहे, मग ही ब्याद कशाला? २०१५-१६ साली आपल्या देशात झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की, प्रौढ माणसांपैकी सुमारे वीसजणांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हे दुखणे झालेले असते. तेव्हा हा अंक ज्या घरांत वाचला जाईल, त्यांतल्या बऱ्याच घरांत असे एखादे पाकीट कपाटात असणार.

* * *

न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंड नावाचे बेट आहे. तेथे सी व्ह्यू नावाचे क्षयरोग्यांचे रुग्णालय होते. १९५२ साली तेथे आयप्रोनियाझिड हे नवे औषध क्षयावर देऊन पाहण्यात आले. डॉक्टरांचे लक्ष फुप्फुसांकडे होते, पण पालटली ती माणसांची मने. महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून पडलेले रोगी उठून बसू लागले, मागून मागून जेवू लागले. त्यांच्या नाचण्या-हसण्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. क्षयाच्या डॉक्टरांच्या लेखी हा औषधाचा आगंतुक परिणाम होता. नेथन क्लाइन या मनोवैद्याने मात्र त्यातच औषध पाहिले. आपल्या रुग्णालयातल्या खिन्न रुग्णांना त्याने ते दिले आणि १९५७ साली आपले अनुभव जाहीर केले. पुढे या औषधाने काविळीचा धोका संभवतो असे आढळले आणि १९६१ साली ते अमेरिकेच्या बाजारातून गेले.

जवळजवळ याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठच्या म्युन्स्टरलिंगन गावी, रोलांड कून नावाचा डॉक्टर वेड्यांच्या रुग्णालयात काम करीत होता. बासलच्या गायगी कंपनीने त्याच्याकडे एक औषध पाठविले होते. त्याचे बारसेही झालेले नव्हते. नुसता नंबर होता, जी २२३५५. ते स्किझोफ्रेनियावर उपयोगी पडावे अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. काही रुग्ण तर उलट खवळले. मग १९५६ च्या जानेवारीत कूनने ते खिन्नतेच्या रुग्णांना देऊन पाहिले, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यात फरक दिसू लागला. १९५७ च्या सप्टेंबरात झुरिचला मनोवैद्यांची जागतिक परिषद भरली. तेथे कूनने ही हकीकत वाचून दाखविली, तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. ते औषध म्हणजे इमिप्रामीन. टोफ्रॅनिल या नावाने ते पुढे जगभर गेले.

या गोष्टीला एक काळी किनारही आहे. त्या रुग्णालयातल्या प्रयोगांची तपासणी पुढे स्विस इतिहासकारांनी केली आणि २०१९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. साठाहून अधिक औषधे तेथे रुग्णांवर अजमावली गेली होती, आणि त्या रुग्णांना आपल्यावर काय चालले आहे याची पुरती कल्पना अनेकदा दिलेली नव्हती. ज्यांच्या देहावर हा इतिहास लिहिला गेला, त्यांना विचारायचे राहूनच गेले. पुढे हीच उणीव पुन्हा दिसेल, म्हणून ती येथे नोंदवून ठेवते.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतूनही गेला आहे. केईएम रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावरचा उपयोग एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला. सर्पगंधेतून १९५२ साली बासलमध्येच रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रोग्यांना विलक्षण उदासीने घेरले. १९५५ साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळले की, रेसर्पीनमुळे शरीरातले सेरोटोनिन नावाचे द्रव्य रिते होते. तेव्हा सेरोटोनिन आणि मन यांचे काही नाते असावे हा तर्क बळावला. त्यातूनच ‘सेरोटोनिन कमी म्हणून उदासी’ हे सोपे गणित पुढे लोकांच्या तोंडी बसले. तेवढे सोपे ते नाही, हे आजचे शास्त्र कबूल करते. पण पुढच्या औषधांची दिशा त्या तर्कानेच ठरली. १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत क्लाइन होते, आणि आपले डॉक्टर वकीलही होते.

राज्यारोहण झाले ते असे.

* * *

आता उतरणीकडे वळू. टोफ्रॅनिल बाजारात येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १९५९ साली कॅनडातल्या मान आणि मॅकफर्सन या डॉक्टरांनी आपल्या अनुभवांत एक गोष्ट नोंदविली. औषध एकाएकी थांबविले की काही रुग्णांना वेगळाच त्रास सुरू होतो. १९६१ साली न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयातल्या क्रेमर, क्लाइन आणि फिंक या तिघांनी (हा क्लाइन निराळा) तर या विषयावर स्वतंत्र लेखच लिहिला. मळमळ, डोकेदुखी, घेरी, थंडी वाजणे, नाक गळणे, अंग मोडून येणे, हातापायांत त्राण नसणे, अशी ती लक्षणे होती. म्हणजे वरवर पाहिले तर साधा पडसे-ताप. पण तो गोळी तुटली की येई, आणि गोळी पुन्हा चालू झाली की जाई.

म्हणजे ही गोष्ट कळायला उशीर झाला, असे कोणी म्हणू नये. ती पहिल्या पाच वर्षांतच कळली होती, छापूनही आली होती. उशीर झाला तो ती मनावर घ्यायला, आणि तो थोडाथोडका नव्हे, साठ वर्षांचा.

असे का व्हावे? कादंबरीकाराची खोड म्हणून मी हेतूंचा शोध घेऊ लागले. एक कारण सरळ दिसते. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत व्हॅलियमसारख्या झोपेच्या व शांततेच्या गोळ्यांची लक्षावधी लोकांना सवय जडली. त्या सोडताना माणसे बेजार झाली आणि फार मोठा गवगवा झाला. पुढे नवी औषधे आली. अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला, म्हणजेच प्रोझॅकला, १९८७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. पाठोपाठ सर्ट्रालीन आणि पॅरोक्सेटीन आली. ‘या गोळ्यांची सवय लागत नाही’ हाच त्यांचा मोठा गुण म्हणून सांगितला जाऊ लागला. ब्रिटनमध्ये १९९२ ते १९९६ या काळात डॉक्टरांच्या संस्थांनी उदासीविरुद्ध एक मोहीम चालविली. तिच्या आधी सामान्य लोकांची मते अजमावली होती. ७८ टक्के लोकांनी सांगितले की, या गोळ्यांची सवय लागते असे आम्हाला वाटते. डॉक्टरांनी त्याला अज्ञान ठरविले आणि लोकांना शहाणे करण्याचे मनावर घेतले!

लोक चुकले होते का? शब्द चुकला होता, अनुभव चुकलेला नव्हता. या गोळ्यांची दारूसारखी तलफ येत नाही. त्या मिळाव्यात म्हणून कोणी घरातली भांडी विकत नाही. त्या अर्थाने हे व्यसन नव्हे, हे डॉक्टरांचे म्हणणे खरे. पण शरीराला त्यांची सवय होते आणि ती एकाएकी मोडली तर शरीर तक्रार करते, हे लोकांचे म्हणणेही तितकेच खरे. या दोन खऱ्या गोष्टींच्या फटीत पुष्कळ माणसे चिरडली.

मग नावाचे राजकारण झाले. १९९६ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या फीनिक्स शहरी तज्ज्ञांची एक बैठक भरली. तिचा खर्च प्रोझॅक विकणाऱ्या एली लिली कंपनीने उचलला होता. अफू-दारूच्या बाबतीत वापरला जाणारा ‘विड्रॉवल’ हा शब्द तेथे मागे पडला आणि ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’ हे लांबलचक नाव पुढे आले. १९९८ साली त्याच कंपनीच्या पैशाने एक चाचणी प्रसिद्ध झाली. बऱ्या झालेल्या २४२ रुग्णांची गोळी पाच ते आठ दिवस गुपचूप बदलून तिच्या जागी नुसती पिठाची गोळी देण्यात आली. पॅरोक्सेटीन आणि सर्ट्रालीन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना त्रास झाला. फ्लुओक्सेटीनवाल्यांना फारच थोडा. यात लबाडी नव्हती, शास्त्रच होते. फ्लुओक्सेटीन शरीरातून हळूहळू, कित्येक आठवड्यांनी जाते, म्हणून ते स्वतःच आपली उतरण सौम्य करते. पॅरोक्सेटीनचा अंश एका दिवसातच निम्मा होतो. व्हेन्लाफॅक्सीन तर त्याहूनही घाईने जाते. पण कंपनीने हे सत्य शोधले ते आपल्या प्रतिस्पर्ध्याला शह देण्यासाठी, हेही इतिहासात लिहिले पाहिजे. सत्य कधी कधी अशा आडवाटेनेही येते.

२००२ च्या ऑक्टोबरात बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात पॅरोक्सेटीनवर, म्हणजे तेथल्या सेरोक्सॅटवर, एक भाग दाखविला गेला. त्यानंतर फोन आणि पत्रे यांचा जो लोंढा आला तो हजारोंनी मोजावा लागला. लोक लिहीत होते की, मान वळविली तरी डोक्यात वीज चमकून जाते, वाहन चालविता येत नाही, उगीच रडू कोसळते. आणि डॉक्टर म्हणतात, हे तुमचे जुने दुखणेच आहे. २००३ साली कंपनीने पाकिटातला माहितीचा कागद बदलला. म्युन्स्टरलिंगनला जे विचारायचे राहिले होते, ते अखेर रुग्णांनी न विचारताच सांगितले.

* * *

हे असे का होते, ते समजायला प्रयोगशाळेत जायला नको. चातुर्मासात चहा सोडण्याचा नेम करणाऱ्या कोणालाही विचारा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कपाळ ठणकू लागते, जीव चिडचिडा होतो, जांभयांवर जांभया येतात. चार-आठ दिवसांत सारे ओसरते. त्या माणसाला कोणी व्यसनी म्हणत नाही, की त्याला डोकेदुखीचा जुनाट रोग आहे असेही म्हणत नाही. रोज मिळणाऱ्या चहाशी शरीराने जुळवून घेतलेले असते. चहा गेला तरी ते जुळवून घेणे मागे राहते, आणि त्याचाच हा त्रास.

मेंदूतही याच जातीचे काही घडते. मज्जातंतूंच्या टोकांशी सेरोटोनिन बाहेर टाकले जाते, आणि ते परत आत घेणारी बारीक बारीक दारे असतात. या गोळ्या त्या दारांना कड्या घालतात. मेंदू काही आठवड्यांत या नव्या व्यवस्थेला सरावतो. मग एके दिवशी सगळ्या कड्या एकदम निघाल्या, तर सरावलेला मेंदू गोंधळणारच. रक्तदाबाच्या काही गोळ्या, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे, यांचेही असेच असते. ती एकदम तोडू नका असे डॉक्टर बजावून सांगतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मनाच्या औषधाची गोष्ट निघाली की मात्र आपल्याला वाटते, यात माणसाच्या निर्धाराची परीक्षा आहे.

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका आहेत. त्यांचे नाव सांगायचे कारण नाही. दीड वर्ष पॅरोक्सेटीन घेऊन त्या छान सावरल्या होत्या. एका दिवाळीत, वसुबारसेच्या दिवशी, त्यांनी ठरविले की आता पुरे. कोणाला न सांगता गोळी बंद केली. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाला उठल्या तो न्हाणीघराच्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. जमीन हलत होती. लक्ष्मीपूजनाला आरतीचे तबक हातात असताना नजर जरा वळविली, आणि डोक्यातून सणकन वीज गेली. पाडव्याला यजमान काही साधेसे बोलले, तर त्यांना हुंदके आवरेनात. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. जाऊबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “दुखणं उलटलं वाटतं.” आणि त्या बाईंनाही तेच वाटू लागले होते. पुढे त्या मला म्हणाल्या, “विजेचं मला भय नव्हतं हो. पण ज्या विहिरीतून मी एवढ्या कष्टानं वर आले, तीच पुन्हा पायाखाली उघडली असं वाटलं. त्या रात्री मनात नाही नाही ते आलं.”

भाऊबीजेला त्यांचा धाकटा भाऊ आला. त्याने ताईचे तोंड पाहिले आणि ओवाळणीचे ताट तसेच ठेवून तिला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “बाई, शेवटची गोळी कधी घेतलीत?”

त्या प्रश्नात सारे निदान होते. गोळी पुन्हा सुरू झाली आणि दोन दिवसांत जमीन जागेवर आली. पुढे शाळा नीट सुरू झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दहा महिन्यांत त्या गोळीवरून सुखरूप उतरल्या. आज त्या गोळी घेत नाहीत.

हा फरक प्रत्येक घराने ओळखावा, म्हणून स्पष्ट लिहिते. मूळ दुखणे उलटते ते बहुधा सावकाश, आठवड्या-महिन्यांनी, आणि त्यात मनाचीच लक्षणे ठळक असतात. गोळी तोडल्याचा त्रास बहुधा दोन-चार दिवसांतच सुरू होतो. त्यात घेरी, मळमळ, घाम, भडक स्वप्ने, डोक्यातल्या विजा, अशी पूर्वी कधी नसलेली देहाची लक्षणे असतात, आणि गोळी पुन्हा घेतली की तो लवकर निवतो. फ्लुओक्सेटीनसारख्या रेंगाळणाऱ्या औषधात मात्र तो काही आठवड्यांनीही येऊ शकतो. अनेकांचा त्रास एक-दोन आठवड्यांत संपतो. काहींचा महिनोन् महिने चालतो. आणि दोन्ही गोष्टी एकत्रही येऊ शकतात, म्हणून निवाडा डॉक्टरांनीच करायचा. घरच्यांनी करायचे ते एवढेच की, तो एक प्रश्न विचारायला विसरू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले तर सण-वार न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे; सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

* * *

आता शेवटच्या प्रकरणाकडे येऊ. २०१९ साली लंडनमधल्या मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोघांनी लॅन्सेट सायकिअट्री या नियतकालिकात एक लेख लिहिला. यांतले हॉरोविट्झ डॉक्टर तर आहेतच, पण ही औषधे घेऊन ती सोडताना होरपळलेले रुग्णही आहेत, असे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. इतके दिवस डॉक्टर गोळी निम्मी करीत, मग बंद करीत. कागदावर ते समान टप्प्यांचे उतरणे वाटे. या दोघांनी मेंदूच्या छायाचित्रांवरून मिळालेले आकडे मांडून दाखविले की, प्रत्यक्षात ते तसे नाही.

सिटालोप्रामचे उदाहरण घ्या. ४० मिलिग्रॅमला मेंदूतल्या त्या दारांपैकी सुमारे ८६ टक्के बंद असतात. २० मिलिग्रॅमवर आले, म्हणजे औषध निम्मे केले, तरी सुमारे ८० टक्के बंदच राहतात. साधारण ९ मिलिग्रॅमला ७० टक्के, साडेपाचच्या आसपास ६० टक्के. म्हणजे ४० वरून २० वर येताना माणूस सहा पायऱ्या उतरतो, आणि २० वरून शून्यावर येताना ऐंशी पायऱ्यांवरून एकदम खाली उडी घेतो!

मुलांची सहल घेऊन गडावर गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला हे चटकन उमगेल. चढताना मुले दमतात. पण पाय मुरगळतात ते उतरताना, आणि तेही बहुधा पायथा जवळ आल्यावर, कारण तेव्हा घाई होते. हिरकणी कडा उतरली ती लेकराच्या ओढीने, आणि म्हणूनच तिची आख्यायिका झाली. इतरांनी उतरायची वाट ती नव्हे. गोळीच्या बाबतीतही शेवटचे काही मिलिग्रॅम सगळ्यांत सावकाश, अगदी कणाकणाने उतरावे लागतात. नेदरलँड्समध्ये यासाठी रोज किंचित कमी होत जाणाऱ्या मात्रेच्या पुड्यांची माळच तयार करून देण्याची पद्धत निघाली. आपल्याकडे डॉक्टर कधी कमी ताकदीची गोळी, कधी अर्धी-पाव गोळी, कधी पातळ औषध देऊन हेच साधतात. मात्र हळूहळू विरघळणाऱ्या खास बनावटीच्या गोळ्या घरी फोडू नयेत. त्यांची घडणच मोडते.

त्याच २०१९ सालच्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या मनोवैद्यांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली आणि हा त्रास काहींना तीव्र व दीर्घ असू शकतो हे मान्य केले. मान आणि मॅकफर्सन यांच्या नोंदीला त्या वर्षी बरोबर साठ वर्षे होत होती.

वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटला असे भासविणे बरे नव्हे. २०२४ साली जर्मन संशोधकांनी ७९ अभ्यास एकत्र तपासले. औषध सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांना त्रास झाला. पण नुसती पिठाची गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांना झाला. म्हणजे खुद्द औषधाच्या तुटण्याने त्रास होतो तो सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. २०२५ साली आणखी एका अभ्यासाने सांगितले की, सरासरीने एखादेच लक्षण जास्त दिसते. त्यावर टीकाकार म्हणाले, तुम्ही पाहिलेल्या चाचण्यांत बरीच माणसे काही आठवडेच औषध घेत होती. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे काय? दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. ज्याला त्रास झाला तो खोटारडा नव्हे, आणि प्रत्येकालाच तो होईल असेही नव्हे, एवढे धरून चालायला कोणाची हरकत नसावी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोळी सोडणे हीच काही मोठी विजयश्री नव्हे. २०२१ साली ब्रिटनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या असलेल्या ४७८ लोकांवर ती झाली होती. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांपैकी ३९ टक्के लोकांचे दुखणे वर्षभरात उलटले. ज्यांचे टप्प्याटप्प्याने थांबविले त्यांपैकी ५६ टक्के लोकांचे. म्हणजे चालू ठेवूनही काही जण पुन्हा आजारी पडले, आणि थांबवूनही शंभरातले चव्वेचाळीस जण वर्षभर ठीक राहिले. तुम्ही यांतले कोण, हे शेजारीण सांगू शकत नाही, मासिकातला लेखही सांगू शकत नाही. काहींना गडावरच राहणे हिताचे असते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. जो उतरणार असेल त्याने मात्र दिवसाउजेडी, वाटाड्या बरोबर घेऊन, घरच्यांना सांगून उतरावे.

इतिहास लिहायला कागदपत्रे लागतात, असे इतिहासाचार्य आपल्याला बजावून गेले. या इतिहासातली सगळ्यांत मोलाची कागदपत्रे कोणती, असे मला विचाराल तर मी कूनचा निबंध म्हणणार नाही, कंपन्यांचे अहवालही म्हणणार नाही. बीबीसीला आलेली ती पत्रे, आणि सोडणाऱ्यांनी आपापल्या घरी ठेवलेल्या नोंदी, ही ती कागदपत्रे. मराठीत अशा नोंदी जवळजवळ नाहीतच, कारण आपल्याकडे गोळी घेतली जाते ती लपून, आणि सोडली जाते तीही लपून. शाळेची शंभर पानी वही पुरेल. तारीख, किती मिलिग्रॅम, झोप कशी लागली, डोके कसे होते. रोज एक ओळ. डॉक्टरांना पुढचा टप्पा ठरवायला तिचा उपयोग होईल. आणि ती वही कपड्यांच्या तळाशी नको. दुधाचा हिशेब आपण जेथे ठेवतो, तेथेच ती ठेवावी.